फुल सस्पेन्शन सायकल घेतलीय? आधी हवेचं बघा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून वापरलेली क्रॉस-कंट्री सायकल आणली, तेव्हा घरी नेण्याआधी गठ्ठे तोलायच्या काट्यावर चढवली. १२ किलो ४०० ग्रॅम. पुढे-मागे १२० मिलिमीटर सस्पेन्शन असलेल्या सायकलीला हे वजन चांगलंच. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात ग्रॅमच शिरले. कार्बनचं हँडल, टायटॅनियमचे बोल्ट, सगळ्यांचे भाव काढून ठेवले. आणि इकडे हिप्परग्याच्या मुरमावर सायकल नुसती उडायची, मनगटं भरून यायची. दोष वजनात नव्हताच. आधीचा मालक ऐंशी किलोच्या पुढचा, मी ५८ किलोची, आणि शॉकमध्ये, म्हणजे मागचे धक्के झेलणाऱ्या हवेच्या नळकांड्यात, हवा अजून त्याच्याच मापाची होती.

म्हणून पहिला खर्च शॉक पंपाचा करा. टायरचा पंप इथे चालत नाही. शॉकमध्ये दीडशे-दोनशे पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागतं आणि आतली जागा अगदी थोडी, त्यामुळे एक-दोन पंपातच फरक पडतो. बूट, हेल्मेट, पाण्याची पिशवी असं सगळं अंगावर घेऊन भिंतीला हात टेकवून सायकलवर बसा. शॉकच्या दांड्यावरची रबरी रिंग सीलला, म्हणजे दांडा आत जातो त्या तोंडाला, चिकटवा, सीटवर अलगद वजन टाका, न उसळता उतरा आणि रिंग किती सरकली ते स्टीलच्या पट्टीने मोजा. यालाच सॅग म्हणतात. माझ्या शॉकचा दांडा पूर्ण दाबला तर ४५ मिलिमीटर आत जातो; त्याच्या पाव हिस्सा, म्हणजे ११ मिलिमीटर, मला हवा असतो. शर्यतीवाले २० टक्क्यांवर ठेवतात. मुरमावर पाव हिस्साच बरा. पुढच्या फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांना, २० टक्के, माझ्याकडे २४ मिलिमीटर. दर वेळी पाचच पीएसआय बदला आणि हवा भरल्यावर शॉक दहा-बारा वेळा दाबून मगच पुन्हा मोजा. पंप काढताना फुस्स होतं ती नळीतली हवा असते, शॉकमधली नाही. मी सुरुवातीला त्या आवाजाला घाबरून उगाच जास्त भरत होते.

मग लाल नॉब, म्हणजे रिबाउंड. दाबलेला शॉक किती वेगाने परत वर येतो ते यावर ठरतं. बसल्या-बसल्या फुटपाथवरून खाली उतरा. मागची बाजू एकदाच वर येऊन थांबली तर बरोबर. दोन-तीनदा डुलली तर नॉब एकेक क्लिक आवळा.

आपल्या उन्हाची एक गोष्ट लक्षात ठेवा. मे महिन्यात पहाटे १५० पीएसआय भरलेला शॉक दुपारी बेचाळीस अंशांत आठ-दहा पीएसआयने चढतो. ज्या वेळेला चालवणार, त्याच वेळेला मोजा.

दुसरा खर्च टायरचा. वेड्या बाभळीचा काटा पातळ रेसिंग टायरला दाद देत नाही. मी जाड बाजूचे २.४ इंची टायर घातले आणि ट्यूब काढून टाकल्या. कापडाचा जीएसएम (चौरस मीटरचं वजन) काढायच्या छोट्या काट्यावर एक ट्यूब २१० ग्रॅम भरली, तिच्या जागी ९० मिलिलिटर सीलंट (भोक बुजवणारं रबरी द्रावण) गेलं. म्हणजे टायर जड होऊनही एकूण वजन जवळपास तेवढंच राहिलं. हवा पुढे १८, मागे २० पीएसआय. तुमचं वजन जास्त असेल तर दोन-चारने वाढवा. सीलंट उन्हाळ्यात फार लवकर वाळतं. दीड-दोन महिन्यांनी टायरची एक कड उघडून बघा. मी पहिल्यांदा उघडला तेव्हा आत नुसता रबराचा पापुद्रा होता. काटा उपटलात की भोक लगेच खाली जमिनीकडे फिरवा, म्हणजे सीलंट तिथे जमतं.

ड्रॉपर पोस्ट, म्हणजे चालवता-चालवता सीट खाली-वर करणारा दांडा, मी घेतला नाही. अर्धा किलोच्या आसपास वजन वाढतं आणि आपल्याकडे तेवढे तीव्र उतार नाहीत. त्याऐवजी पैसे साठवून हलकी चाकं घ्या. माझ्या मते ग्रॅम वाचवायची खरी जागा तीच, कारण प्रत्येक वळणानंतर तेच वजन पुन्हा फिरवावं लागतं.

चालवताना मुरमाच्या वळणावर ब्रेक आधीच लावून घ्या, वळणात नाही. कोपरं वाकवून छाती थोडी पुढे न्या, पुढच्या चाकावर भार राहू द्या. मागे बसून राहिलात तर पुढचं चाक सुटलंच समजा. खडबडीत चढावर मात्र उठू नका. बसून गोल पेडल मारत राहा, शॉक मागचं चाक जमिनीला धरून ठेवतो. लॉकआउट, म्हणजे सस्पेन्शन घट्ट बंद करायची कळ, फक्त डांबरावर.

पावसाळ्यात काळ्या रानात सायकल घालू नका. होटगीकडे एकदा बांधाच्या वाटेने दोनशे मीटर गेले. चिखलाने चाक भरलं, तरी मी पेडल रेटलं आणि डिरेलरचा (मागच्या गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला धरणारा तुकडा, कडकन तुटला. सायकल खांद्यावर घेऊन डांबरी रस्ता गाठला. तेव्हापासून जादा हँगर पिशवीत असतोच. नान्नजच्या माळावर तर वाट सोडून गवतात कधीच जाऊ नका. माळढोक जमिनीवरच अंडं घालतो, आणि ते मातीच्या रंगात दिसतही नाही.

धुताना प्रेशरचा पाइप बेअरिंगवर मारू नका. बादली आणि रिजेक्ट टॉवेल पुरतात. फोर्कच्या खालच्या पायांतलं तेल मी पन्नास तासांनी स्वतः बदलते, शॉक पुण्याला पाठवते. तास लिहायला कारखान्यातलं तेच कॅलेंडर आहे, ज्यावर मागांच्या तेलपाण्याच्या तारखा असतात. आज ४७ झाले. रविवारी फोर्क उघडायचा आहे.