घरी बनवलेला सिंथ (सिंथेसायझर) बोलत नाही? आयसी बदलण्याआधी या चुका टाळा

"दादा, आवाजच येत नाही. तीन आयसी बदलले."

जुलैतला रविवार, बाहेर धो धो पाऊस, आणि दारात रुमालात गुंडाळलेला झिरो पीसीबीचा (भोकं पाडलेल्या सर्किटच्या पाटीचा) तुकडा घेऊन उभा असलेला एक पोरगा. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या माडीवर दर रविवारी आम्ही पाच-सहा जण जमतो. ज्याचं जे अडलंय ते टेबलावर ठेवायचं आणि मिळून बघायचं. याच्या बोर्डावर सीडी४०१०६ चा साधा ऑसिलेटर होता, म्हणजे सतत लहर काढून स्वर देणारं सर्किट. एक आयसी (चिप), एक पॉट (फिरवून बदलायचा रेझिस्टर), एक कपॅसिटर (वीज साठवणारा भाग). बिघडायला तीनच वस्तू, आणि त्यातली एकच त्यानं तीनदा बदलली होती.

मी त्याच्याच हातात मल्टीमीटर दिला. २० व्होल्ट डीसी, काळा प्रोब ग्राउंडला, लाल आयसीच्या आउटपुटला. "चार पॉइंट तीन," तो म्हणाला. बॅटरी ९ ची. म्हणजे ऑसिलेटर चालू होता! चौकोनी लहर जवळपास निम्मा वेळ वर आणि निम्मा वेळ खाली असते. मीटर तिची सरासरी दाखवतो, म्हणून आकडा पुरवठ्याच्या निम्म्याजवळ येतो. ऑसिलेटर अडकलेला असता तर ० आला असता, नाहीतर सरळ ९.

मग आवाज का नाही? कपॅसिटरवर १०२ लिहिलं होतं, हवा होता १०४. कपॅसिटर शंभरपट लहान, म्हणून कंपनसंख्या शंभरपट मोठी. १०० किलोओहमचा पॉट आणि १०४, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, असेल तर १०० हर्ट्झच्या आसपास छान घुमतो. १०२ लावला की तोच १० किलोहर्ट्झच्या घरात जातो, आणि पॉट निम्म्यावर आणला की २० किलोहर्ट्झपाशी, माणसाच्या कानाच्या हद्दीबाहेर. दीड रुपयाचा कपॅसिटर बदलला आणि खोली भरून आवाज आला. त्या पोराचा चेहरा मी विसरणार नाही.

मोजल्याशिवाय काही बदलायचं नाही. एवढी एक सवय लागली तर खाली लिहिलेल्या निम्म्या चुका आपोआप पकडल्या जातात.

सुरुवात पुरवठ्यापासून

माझ्या टेबलावर येणारे सगळ्यात जास्त बोर्ड पुरवठ्यापायी गप्प झालेले असतात. आयसी सोल्डर करण्याआधी आयसी बेस लावा, बेस रिकामा ठेवा, पॉवर द्या आणि पिना मोजा. टीएल०७२ (लहर वाढवणारा ऑप-अँप आयसी) अधिक-उणे १२ व्होल्टवर चालवत असाल तर ग्राउंडच्या मानाने ८ नंबरला अधिक १२ आणि ४ नंबरला उणे १२ आलंच पाहिजे. आलं, तर पॉवर काढा आणि मगच आयसी बसवा. बसवताना खाच बघा. उलटा बसलेला टीएल०७२ काही सेकंदांत बोट भाजेल इतका तापतो.

लांब ब्रेडबोर्ड वापरत असाल तर कडेच्या लाल-निळ्या रेघा मधोमध तुटल्यात का ते पाहून घ्या. बऱ्याच ब्रेडबोर्डांत डावी निम्मी पट्टी आणि उजवी निम्मी पट्टी आतून जोडलेलीच नसते. डावीकडचं सर्किट चालतं, उजवीकडचं मेलेलं. माणूस रात्रभर ऑसिलेटर तपासत बसतो आणि तिथे व्होल्टेजच पोचलेलं नसतं.

आता १२-०-१२ च्या ट्रान्सफॉर्मरबद्दल. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथली चूक नुसता आयसी घेऊन जात नाही. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ व्होल्ट हे एसीचे. डायोडमधून (वीज एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या भागातून) जाऊन कपॅसिटरवर साठताना ते १.४१ पट होतात, म्हणजे जवळजवळ १७. भार कमी असला आणि लाईन २३० च्या वर गेली तर आणखी वर. तिथे १६ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक लावला तर तो आज ना उद्या फुगणार. २५ चा लावा, ३५ चा मिळाला तर आणखी बरं.

पुढचा सापळा ७८१२ आणि ७९१२ चा, म्हणजे अधिक १२ आणि उणे १२ पक्के ठेवणाऱ्या रेग्युलेटरचा. दोघं दिसायला जुळे भाऊ, पण पिना वेगळ्या. ७८१२ मध्ये डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१२ मध्ये डावीकडून ग्राउंड, इनपुट, आउटपुट. शिवाय पाठीचा धातूचा पत्रा मधल्या पिनेला जोडलेला असतो. म्हणजे ७८१२ ची पाठ ग्राउंडला आणि ७९१२ ची पाठ उणे इनपुटला. दोघं एकाच हीटसिंकवर अभ्रक न घालता कसले, तर उणे बाजू थेट ग्राउंडला शॉर्ट. मी स्वतः हे केलंय. ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागला, वार्निशचा वास आला, आणि फ्यूज घातलेला होता म्हणून गोष्ट तिथेच थांबली. अभ्रकाची चकती आणि स्क्रूची प्लास्टिक बुशी दोन्ही घाला, मग मीटर बीपवर (जोड असला की वाजतो त्या जागी) ठेवून दोन पाठी एकमेकींना लागत नाहीत ना ते बघा.

ज्यानं अजून एकही बोर्ड पूर्ण केलेला नाही त्याला आम्ही २३० व्होल्टला हात लावू देत नाही. पहिले दोन-तीन बोर्ड ९ व्होल्टच्या बॅटरीवर करायचे. या एका बाबतीत आमच्यात कुणाची घाई चालत नाही.

यूरोरॅकचे (सिंथचे सुटे भाग एका चौकटीत बसवायच्या पद्धतीचे) मॉड्यूल करणाऱ्यांसाठी: जर्मनीच्या डोप्फर कंपनीनं रूढ केलेल्या पद्धतीत रिबन केबलची लाल कड उणे १२ ची असते. लाल बघून तिला अधिक समजणारे दर काही महिन्यांनी भेटतात. १० पिनांची केबल उलटी लागली की अधिक-उणे अदलाबदल होतात, कारण ग्राउंड मधोमध आहे. दोन्ही रेघांत एकेक १एन५८१७ डायोड आधीच घालून ठेवा.

डाग नीट बसला का?

गुजरीत, आमच्या सराफ बाजारात, सोनाराला डाग (धातू वितळवून केलेला जोड) देताना कधी उभं राहून पाहा. तो आधी दागिना तापवतो आणि डाग आपणहून सांध्यात ओढला जातो. आपल्याकडे नवीन माणूस उलटं करतो. सोल्डर सोल्डरिंगच्या इस्त्रीच्या टोकावर वितळवून घेतो आणि थेंब पिनेवर नेऊन ठेवतो. ६०/४० चं सोल्डर १८३ अंशांना वितळायला लागतं, पण पॅड गार असेल तर ते वर नुसतं बसून राहतं, चिकटत नाही. पॅड आणि पाय दोन्ही एकदम दोन-तीन सेकंद तापवा, मग सोल्डर त्या जागी लावा, टोकाला नाही. चांगला सांधा चकचकीत आणि उतरत्या कडांचा असतो. मळकट, दाणेदार, गोळी बसल्यासारखा दिसला तर पुन्हा तापवा.

टोक काळं पडलं असेल तर आधी त्याला कल्हई करा: ओल्या स्पंजवर पुसा, लगेच सोल्डर लावा, पुन्हा पुसा. पण कल्हईवाल्याचा नवसागर किंवा पत्र्याच्या कामाचं ॲसिड फ्लक्स पीसीबीवर आणू नका. माझ्या पहिल्या फिल्टरचे सांधे एका पावसाळ्यात हिरवे झाले ते यामुळेच. साधा रोझिनचा फ्लक्स घ्या. तोही उरला तर दमट हवेत ओल धरतो आणि १ मेगाओहमसारख्या मोठ्या रेझिस्टरच्या आसपास चोरवाट तयार होते. जून ते सप्टेंबर "काल चालत होता, आज स्वर हलतोय" अशी तक्रार घेऊन कुणी आला, की आम्ही आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश काढतो. धुऊन, पंख्याखाली वाळवून पुन्हा लावला की बऱ्याचदा तक्रार संपते.

पाय उलटे, पट्टा उलटा

चपटी बाजू आपल्याकडे, पाय खाली: बीसी५४७ ट्रान्झिस्टरचे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ चे एमिटर, बेस, कलेक्टर. परदेशी सर्किटात ३९०४ असतो, आपल्याला सहज ५४७ मिळतो, आणि आपण त्याच भोकांत तो घालतो. ही चूक पकडायला अवघड, कारण उलटा ट्रान्झिस्टरही थोडाफार चालतो. आवाज येतो, पण दबका.

इलेक्ट्रोलिटिकवरचा पट्टा उणे बाजू दाखवतो, टँटलमवरचा अधिक. पॉटवर बी१०० के म्हणजे सरळ, ए१०० के म्हणजे लॉग. आवाजाला ए, बाकी बहुतेक ठिकाणी बी. ४०१०६ मधले न वापरलेले इनपुट मोकळे सोडू नका, ग्राउंडला बांधा. प्रत्येक आयसीच्या पॉवर पिनांजवळ एक १०४ हवाच.

पीटी२३९९ चा इको करणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तो ५ व्होल्टचा आयसी आहे, ९ ची बॅटरी सरळ लावायची नाही, मध्ये ७८०५ हवा. आणि ६ नंबरच्या पिनेवरचा पॉट शून्यावर ठेवून पॉवर दिली तर तो सुरू होतानाच अडकू शकतो. पॉटबरोबर सिरीजमध्ये २.२ के कायमचा ठेवून द्या.

उद्यमनगरात पत्र्याचं खोकं हवं तसं वाकवून मिळतं, पावडर कोटिंगही होतं. मग घरी आणल्यावर ५० हर्ट्झचा हम्म सुरू होतो. पावडर कोटिंगमधून वीज जात नाही, त्यामुळे जॅकचा नट कसूनही खोकं ग्राउंडला लागलेलं नसतं. एका जॅकच्या भोकाभोवती आतून कोटिंग खरवडा आणि बीप घेऊन खात्री करा.

सूर लावायची घाई

सिंथ बनवणारे रॉबर्ट मूग यांनी १९६० च्या दशकात रुळवलेला हिशोब असा: १ व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर. सप्तकात १२ स्वर, म्हणजे एका स्वराला ८३.३ मिलिव्होल्ट. हा हिशोब ट्रान्झिस्टरच्या ज्या गुणावर उभा आहे तो तापमानाबरोबर बदलतो, खोलीच्या तापमानाला दर अंशाला साधारण ०.३३ टक्के. भरपाई केलेली नसेल तर तीन सप्तकांच्या अंतरात ५ अंशांच्या फरकानं निम्म्या स्वरापेक्षा जास्त चूक येते. ज्या गावात पेटीवर काळी चार धरून बसणारे कान घरोघरी आहेत, तिथे हे खपत नाही.

तेव्हा पॉवर देऊन अर्धा तास थांबा, मग ट्रिमर (सूर लावायचा छोटा पॉट) फिरवा. जोडीचे दोन ट्रान्झिस्टर पाठीला पाठ लावून हीटश्रिंकमध्ये बांधा, जमलं तर ३३०० पीपीएमचा टेम्पको (तापमानाबरोबर बदलून भरपाई करणारा रेझिस्टर) वर चिकटवा. तापणारा ७८१२ तिथून लांब ठेवा. आमच्यातल्या एका काकूंनी, त्या गाणं शिकवतात, स्वतःच्या ऑसिलेटरचं सप्तक पेटी शेजारी घेऊन कानानं लावलं. नंतर मीटर लावला, तर फरक दोन मिलिव्होल्टचा.

विचारताना आणि सांगताना

"चालत नाही" एवढंच सांगितलं तर समोरच्याला अंदाजच करावा लागतो. बोर्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो उजेडात काढा, ज्यावरून केलं ते सर्किट द्या, आयसीच्या प्रत्येक पिनेचं व्होल्टेज लिहा, आणि शेवटचं काय बदललं ते सांगा. निम्म्या वेळा हे लिहिता लिहिताच चूक दिसते.

सांगणाऱ्यांनीही "भावा, आयसी बदल" असं पटकन म्हणू नये. समोरचा पोरगा खाऊच्या पैशांतून पुण्याच्या बुधवार पेठेतून आयसी मागवत असतो. आधी त्याच्याकडून मोजून घ्या. आणि इस्त्री त्याच्या हातातून काढून घेऊ नका, वेळ लागला तरी चालेल.

त्या रुमालवाल्या पोरानं आता ४०१०६ चे सहाही ऑसिलेटर एका खोक्यात बसवलेत. परवा त्याचा मेसेज आला: "पाचवा बोलत नाही. १० नंबर पिनेवर ९.१ येतंय, ११ वर शून्य. फोटो जोडलाय." फोटोत ११ नंबरशेजारी सोल्डरची बारीक तार ग्राउंडला टेकलेली दिसली. मी त्याला एवढंच लिहिलं, "११ नंबरपाशी भिंग लावून बघ."