गल्लीतलं गटर बजेटमध्ये कसं घालायचं? कोल्हापूरकरांसाठी

आमच्या गल्लीतलं गटर चार वर्षं तुंबत होतं आणि चार वर्षं आम्ही एकच करत होतो, जूनमध्ये पाणी दारात आलं की नगरसेवकाला फोन, मग मुकादम येणार, दोन पोरं बांबू घालून ढोसणार, पाणी उतरणार, आणि परत पुढच्या जूनला भेटू. शेवटी एकदा मीच महापालिकेच्या एका विभागीय कार्यालयात जाऊन बसलो. तिथले कनिष्ठ अभियंता माणूस चांगला, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काम पटतंय हो मला, पण ह्याला हेड कुठनं आणू?"

हे हेड प्रकरण तेव्हा पहिल्यांदा कळलं. हेड म्हणजे अंदाजपत्रकातली ओळ. ज्या कामाला ओळ नाही त्याला पैसा नाही, मग साहेबांना पटूदे नाहीतर महापौरांना पटूदे. आणि ती ओळ जूनमध्ये मिळत नसते, कारण एक एप्रिलला वर्ष सुरू झालेलं असतं आणि पुस्तक छापून झालेलं असतं. त्यामुळं पहिली गोष्ट, पावसाळ्यात भांडायचं बंद करा, म्हणजे भांडा पण ते तात्पुरतं बांबूसाठी. कायमच्या कामासाठी जायची वेळ दिवाळीचा फराळ संपला की. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात विभागांकडनं पुढच्या वर्षाची मागणी गोळा होते, मग आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढं ठेवतात, स्थायी त्यात आपली भर घालते, मग महासभा, आणि 31 मार्चच्या आत सगळं मंजूर. आपण जागे होतो मार्चमध्ये पेपरात "इतक्या कोटींचं शिलकी अंदाजपत्रक" अशी बातमी आल्यावर, तोपर्यंत पंगत उठलेली असते.

2020 च्या नोव्हेंबरात सभागृहाची मुदत संपली आणि नंतर कितीतरी वर्षं प्रशासकच सगळं बघत होते, म्हणजे आयुक्त, स्थायी, महासभा सगळं एकाच खुर्चीत. आता 15 जानेवारी 2026 ला मतदान होऊन परत नगरसेवक आलेत, पण एका प्रभागात एक असं नाही, बहुतेक ठिकाणी चार-चार आहेत. त्यामुळं जुनी सवय सोडा, एकाला गाठून घरी बसलं की तो म्हणणार ते दुसऱ्याच्या भागात येतंय. पत्र एकच, त्यावर चौघांची नावं, आणि चौघांकडनं वेगवेगळी पोच. चौघांना माहिती असतं की बाकीच्या तिघांना पण मिळालंय, ते आपोआप हलतात.

आता पत्र कसं लिहायचं, कारण इथंच सगळे घसरतात. "आमच्या भागाचा विकास करावा ही नम्र विनंती" असलं पत्र म्हणजे रद्दी. मी आणि शेजारचे शिंपीकाका एका रविवारी सकाळी गल्ली मोजायला उतरलो. काकांचा टेप पाच फुटाचा, म्हणून आधी नायलॉनची दोरी ताणली, तिला गाठी मारल्या आणि मग ती दोरी टेपनं मोजत बसलो, पोरं हसायला लागली. आलं 41 मीटर. मग पत्रात लिहिलं: मंडळाच्या चौकापासून गिरणीपर्यंत, डावी बाजू, 41 मीटर, रुंदी दीड फूट, उघडं गटर, मधल्या 12 मीटरला ढाळ उलटा. ढाळ उलटा का, तर रस्त्यावर दर खेपेला जुनं न खरवडता डांबराचा नवा थर टाकला, रस्ता उचलला, गटराचं तोंड आणि घरांचे उंबरे खाली राहिले. हे एक वाक्य लिहिल्यावर अभियंत्यांची मान हलली, कारण आता नुसतं गटर नाही, रस्ता खरवडणं पण एस्टिमेटमध्ये धरावं लागणार होतं. सोबत तीन फोटो, तारखेसकट. आणि सह्या. सह्या दोनशे कशाला पाहिजेत, ज्या 26 घरांच्या दारात पाणी येतं त्यांच्याच घेतल्या, घरफाळ्याच्या बिलावरच्या नंबरासकट. पान एकच. एका पानाच्या वर कोण वाचत नाही.

ते पत्र द्यायचं कुठं? महापालिकेची चार विभागीय कार्यालयं आहेत, गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट, तुमचं जे असेल तिथं. पण तिथं टेबलावर ठेवून येऊ नका. आवक-जावकला द्या आणि तुमच्या झेरॉक्सवर शिक्का, तारीख, आवक नंबर घ्या. आमचं पहिलं पत्र हरवलं. कुणी मुद्दाम हरवलं असं मी म्हणत नाही, बदली झाली, कपाट हललं, गेलं. पण माझ्याकडं शिक्क्याची झेरॉक्स होती म्हणून दुसऱ्या वर्षी "तुमचं काहीच आलेलं नाही" हे वाक्य तिथंच मिटलं. एक प्रत विभागीय कार्यालयाला, एक शहर अभियंत्यांना, एक आयुक्तांना अंदाजपत्रकासाठीची सूचना म्हणून, बास. मंत्रालयापर्यंत प्रती पाठवणारे असतात, त्यानं काय होत नाही, कागद तिकडनं फिरून परत ह्याच टेबलावर येतो.

कायद्यातली एक गोष्ट मला लई आवडते आणि तिची कुणीच चर्चा करत नाही, क्षेत्रसभा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात 2009 साली ही तरतूद आली. जवळजवळच्या काही मतदान केंद्रांचं मिळून एक क्षेत्र, तिथला प्रत्येक मतदार तिचा सदस्य, अध्यक्ष नगरसेवक, आणि काम काय तर भागातली कामं सुचवायची आणि कुठलं आधी कुठलं नंतर ते ठरवायचं. म्हणजे गावाला ग्रामसभा तशी शहराला ही. झाली का कधी तुमच्याकडं? आमच्याकडं पण नाही. शिवाय तीन लाखांच्या वर लोकसंख्या असलेल्या शहरांना 74 व्या घटनादुरुस्तीनं प्रभाग समित्या आल्या, त्यात सामाजिक संस्थांच्या लोकांना पण जागा आहे. क्षेत्रसभा होत नसली तर चौघा नगरसेवकांना लेखी मागा की घ्या. नाहीच घेतली तर तालमीत तुम्हीच बैठक लावा, कोल्हापुरात हॉल शोधायची गरजच नाही, तालीम मंडळं आहेत की. आमच्या बैठकीला पहिल्यांदा नऊजण आले, त्यातले तिघं मॅच लवकर संपली म्हणून आलेले. पण त्या नऊ जणांत एक निवृत्त ओव्हरसियर निघाले, आणि पुढचं सगळं एस्टिमेट आम्हाला त्यांनीच समजावून सांगितलं. बायकांना बोलवायचं तर रात्री नऊची वेळ ठेवू नका, आम्ही ती चूक केली होती. रविवारी दुपारी चारला घेतली तेव्हा कळलं की गटरापेक्षा बायकांना कोपऱ्यावरचा बंद दिवा जास्त महत्त्वाचा वाटतोय, आणि दिव्याचं काम तर आठवड्यात झालं, त्याला हेडबिड काय लागलं नाही.

पुण्यात महापालिका 2006 पासनं नागरिकांकडनं फॉर्मवर कामं मागवते, फूटपाथ, बाक, दिवे असली छोटी कामं, आणि ती अंदाजपत्रकात वेगळी दाखवते. तिथं पण सगळं गोडगोड चाललंय असं नाही, पण निदान फॉर्म तरी आहे. आपल्याकडं अंदाजपत्रकाआधी सूचना मागवल्याची बातमी आली तर मुदत बघा, ती चार दिवसांची असली तरी तुमचं एक पान तयार असेल तर चार दिवस लई झाले.

आता अंदाजपत्रकाचं पुस्तक. जाड असतं, घाबरायचं नाही. आधी जमा बाजू बघा, घरफाळा, पाणीपट्टी, नगररचनाकडची फी, सरकारकडनं येणारं जीएसटीचं अनुदान. मग खर्चात महसुली आणि भांडवली. पगार, पेन्शन, वीजबिल हे महसुलीत, आपलं गटर भांडवलीत. प्रत्येक ओळीपुढं रकाने असतात, मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला, चालू वर्षी किती धरले होते, सुधारित किती केले आणि पुढच्या वर्षी किती. सगळे शेवटचा रकाना बघतात. तुम्ही पहिला बघा. समजा एका ओळीला 50 लाख धरलेत आणि मागच्या वर्षी त्याच ओळीवर खर्च चार लाख झालाय, तर ते 50 लाख म्हणजे लग्नपत्रिकेतलं "अहेर आणू नये" सारखं, छापायचं म्हणून छापलंय. दिव्यांगांसाठीचा पाच टक्के निधी आणि महिला-बालकल्याणचा निधी हे तर मुद्दाम तपासा, तिथं पैसा धरलेला असतो आणि मागणारं कोण नसतं. मोठ्या योजनांचा स्वहिस्सा पण बघा. काळम्मावाडी धरणातनं शहराला पाणी आणणारी 53 किलोमीटरची थेट पाईपलाईन यायला 2023 ची दिवाळी उजाडली, असल्या योजनेत पालिकेनं आपला वाटा घालायचा म्हटल्यावर गल्लीबोळाची कामं मागं सरकतात, हे गणित माहिती असलं की साहेबांशी उगाच वाद होत नाही.

आणि एक शब्द लक्षात ठेवा, "विविध ठिकाणी". आमचं गटर दुसऱ्या वर्षी आलं म्हणून पेढे वाटायच्या तयारीत होतो, तर ओळ होती "प्रभागात विविध ठिकाणी गटर करणे". विविध म्हणजे कुठं? त्यात आमची गल्ली असेल किंवा कुणाच्या मेव्हण्याच्या प्लॉटसमोरची असेल. म्हणून ओळ आली की लगेच माहितीचा अधिकार टाका. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, आणि प्रश्न असा विचारायचा की उत्तर कागदच असेल: "अमुक हेडखाली प्रस्तावित कामांची गल्लीनिहाय यादी आणि प्रत्येकाच्या एस्टिमेटची प्रत." का केलं नाही, कधी करणार, असलं विचारू नका, का-ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. 30 दिवसांत उत्तर नाही तर पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडं. आमच्या बाबतीत अपील लागायच्या आधीच यादी आली आणि यादीत आम्ही नव्हतो. मग ती यादी, आमच्या दोन वर्षांच्या शिक्क्याच्या झेरॉक्स आणि फोटो घेऊन लोकशाही दिनाला, म्हणजे लोकांच्या तक्रारी अधिकाऱ्यांनी समोर बसून ऐकायचा दिवस. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आयत्या वेळी जाऊन रांगेत उभं राहिलं तर नुसतं नमस्कार करून परत यायचं. सुधारित यादीत गल्लीचं नाव आलं.

हे झालं गटराचं. मोठं असतं ते विकास आराखड्याचं, म्हणजे शहराच्या नकाशावर कुठं बाग, कुठं शाळा, कुठला रस्ता किती मीटर, ते 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली ठरतं. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांना 30 दिवस असतात, आणि नंतर एखाद्या जागेचं आरक्षण बदलायचं असलं तरी कलम 37 खाली जाहीर नोटीस काढावी लागते. ती नोटीस पेपरात छोट्या अक्षरात येते, निधनवार्तेच्या आसपास. आपल्या भागातली मोकळी जागा, पोरं फुटबॉल खेळतात ती, आराखड्यात नेमकी काय आहे हे नगररचना विभागात जाऊन आजच बघून ठेवा, झोन दाखला, म्हणजे ती जागा आराखड्यात कशासाठी धरलीय त्याचा कागद, तो पण मिळतो. हरकत नोंदवली तर सुनावणीला बोलावतात, जायचंच, न गेल्यास काय म्हणणं नाही असं धरतात. आपण शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरोधात अख्खं शहर रस्त्यावर उतरवलं आणि टोल घालवला, त्याचा अभिमान आहेच, पण 220 कोटींच्या त्या रस्त्यांचा करार होत होता तेव्हा तो वाचलेले किती होते?

काम मंजूर झालं म्हणून झोपू नका. महाटेंडर्सच्या पोर्टलवर महापालिकेचं नाव टाकून निविदा कुणालाही बघता येते. वर्क ऑर्डरची प्रत मागा, त्यात मुदत आणि दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो, म्हणजे तेवढ्या काळात मोडलं तर ठेकेदारानं फुकट करून द्यायचं. माहिती अधिकारात कागद मागता येतात तसं काम चालू असताना पाहणी आणि मालाचा नमुना पण मागता येतो, हे सांगितलं की साइटवरची भाषा बदलते. ओव्हरसियर काकांनी आमच्या इथं रोज सकाळी खुर्ची टाकली होती, बोलायचे काही नाहीत, नुसतं वहीत लिहायचे. काय लिहित होता विचारलं तर म्हणाले शब्दकोडं.

41 मीटरला 39 भरलं, दोन मीटर गिरणीच्या पायरीखाली गेलं, सोडून दिलं. ढाळ बरोबर आलाय. परवा एक झाकण फुटलं, कुणाचा तरी टेम्पो चढला, दोषदायित्व अजून चालू आहे, पत्र टाकलंय आणि आवक नंबर घेतलाय.