सुरक्षेची बातमी वाचली, आता नेमकं काय करायचं?

‘क्रोम वापरणाऱ्यांना सरकारचा गंभीर इशारा’ अशा मथळ्याची बातमी मराठी पोर्टलांवर सतत येत असते. कधी क्रोमच्या जागी अँड्रॉइड असतं, कधी आयफोन, कधी विंडोज. मजकूर बहुतेक वेळा सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेच्या सूचनापत्रातून घेतलेला असतो. ही संस्था २००४ पासून काम करते आहे आणि अशी पत्रकं काढणं हे तिचं नेहमीचं काम आहे. घबराट असते ती मथळ्यात, मूळ पत्रकात नाही. तरीही बातमी सोडून देऊ नका. तिच्यातल्या तीन गोष्टी शोधा: छिद्र (म्हणजे चोराला आत शिरू देणारी सॉफ्टवेअरमधली चूक) कशात आहे, कोणत्या आवृत्तीपर्यंत आहे, आणि त्याचा गैरवापर सुरू झाला आहे का.

पहिलं सोपं आहे. ते सॉफ्टवेअर तुमच्याकडे नसेल तर काम संपलं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे नावाच्या जावा लायब्ररीतलं (अनेक प्रोग्रॅम वापरतात अशा तयार कोडमधलं) छिद्र गाजलं. त्याला दहापैकी दहा गुणांची तीव्रता दिली होती, पण दुरुस्ती सर्व्हर चालवणाऱ्या कंपन्यांनी करायची होती. घरच्या फोनवर करण्यासारखं जवळपास काही नव्हतं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हाही घुसखोरी बँकेच्या यंत्रणेत होती. खातेदारांनी पिन बदलून ती थांबली नसती. म्हणजे तीव्रतेचा आकडा मोठा आहे म्हणून धावपळ करू नका. तो आकडा नुकसान किती होऊ शकतं ते सांगतो, तुमचं होईल का ते सांगत नाही.

आवृत्तीचं कोष्टक वाचताना एक चूक हमखास होते. पत्रकात ‘अमुक क्रमांकाच्या आधीच्या आवृत्त्या’ असं लिहिलेलं असतं. तुमचा क्रमांक तोच किंवा त्याहून मोठा असेल तर तुम्ही सुरक्षित. मात्र ठिपक्यांमधला प्रत्येक भाग स्वतंत्र पूर्णांक म्हणून वाचायचा, दशांश म्हणून नाही. बाकी सगळे भाग सारखे असतील आणि शेवटी एकीकडे ६६, दुसरीकडे १२७ असेल, तर १२७ ही नवी आवृत्ती.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. गैरवापर आधीच सुरू असल्याचं कंपनीनेच कबूल केलं असेल (‘झीरो डे’ हा शब्द बहुधा तेव्हाच दिसतो), तर अपडेट आजच करा. तसं नसेल तर दोन-चार दिवस इकडेतिकडे चालतात. दोन-चार महिने मात्र नाही. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक छिद्र बुजवणारं अपडेट दिलं. १२ मे रोजी फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय जगभर पसरला, तो त्याच छिद्रातून. २७ जूनला नॉटपेट्या हा तसाच घातक प्रोग्रॅम आला आणि न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम बंद पडलं. त्याच्याकडे पसरायच्या आणखीही युक्त्या होत्या, पण त्यातली एक तेच जुनं छिद्र होती.

अपडेट ‘झालं’ म्हणजे खरंच झालं का

क्रोम स्वतःच अपडेट उतरवून ठेवतं, पण ब्राउझर बंद करून पुन्हा उघडेपर्यंत ते लागू होत नाही. चाळीस टॅब आठवडाभर उघडे ठेवणारी माणसं म्हणूनच सगळ्यात मागे राहतात. वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर जा, ‘हेल्प’ आणि मग ‘अबाउट गुगल क्रोम’ उघडा. आवृत्ती दिसेल, तपासणी आपोआप सुरू होईल आणि शेवटी ‘रीलाँच’ येईल. टॅब परत उघडतात. इन्कॉग्निटोतले उघडत नाहीत, ते आधी आवरून घ्या. एज, ब्रेव्ह आणि ऑपेरा हे ब्राउझर क्रोमच्याच पायावर उभे असल्याने बहुतेक छिद्रं त्यांनाही लागू असतात. त्यांचं अपडेट मात्र वेगळं येतं आणि कधीकधी उशिरा येतं. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रं उघडणाऱ्या लायब्ररीत छिद्र सापडलं, तेव्हा क्रोमसोबत फायरफॉक्स, थंडरबर्ड आणि अनेक डेस्कटॉप ॲप्सनाही दुरुस्ती द्यावी लागली होती. म्हणूनच ब्राउझर झाला की बाकीची ॲप्सही बघून घ्या.

अँड्रॉइडवर अपडेट तीन वेगवेगळ्या दारांनी येतं. प्ले स्टोअरमधून ॲप्स येतात, आणि त्यांत ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’ही असतं. इतर ॲप्सच्या आत उघडणारी वेबपानं तेच दाखवतं, त्यामुळे ते यादीत दिसलं की वगळू नका. दुसरं दार ‘गुगल प्ले सिस्टिम अपडेट’चं; हे शांतपणे उतरतं आणि फोन रिस्टार्ट केल्यावरच लागू होतं. तिसरं फोन कंपनीचं. ‘सेटिंग्ज’, ‘अबाउट फोन’, ‘अँड्रॉइड व्हर्जन’ या मार्गाने गेलात की ‘अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट’पुढे तारीख दिसेल. काही कंपन्यांनी ही जागा बदललेली असते, तेव्हा सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘सिक्युरिटी अपडेट’ टाइप करा. त्या महिन्याच्या यादीत तारीख १ असेल तर दुरुस्त्या मुख्यतः अँड्रॉइडपुरत्या आहेत. ५ असेल तर कर्नल (यंत्रणेचा गाभा) आणि चिपच्या दुरुस्त्याही आल्या आहेत.

ही तारीख वर्षभर मागे असेल आणि ‘युअर सिस्टिम इज अप टू डेट’ असंच दिसत असेल, तर कंपनीने त्या मॉडेलला वाऱ्यावर सोडलं आहे. अशा फोनवर यूपीआय ठेवू नका. गाणी आणि यूट्यूबसाठी तो चालेल. आपल्याकडे घडतं नेमकं उलटं: जुना झालेला फोन आजी-आजोबांना दिला जातो आणि पेन्शनचं खातं त्याच फोनवर असतं. नवा फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. दुकानदाराला ठाऊक नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर बघा.

विंडोजची मासिक दुरुस्ती महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघते. आपल्या घड्याळाने तोवर रात्र झालेली असते. बुधवारी संध्याकाळी ‘सेटिंग्ज’, ‘विंडोज अपडेट’ उघडायची सवय पुरेशी आहे. इथे शट डाउन आणि रिस्टार्ट यांत फरक आहे. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर साधं शट डाउन केल्यावर यंत्रणेचा गाभा झोपवून ठेवला जातो आणि सकाळी तोच उठवला जातो. अपडेटनंतर म्हणून रिस्टार्टच करा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांना ‘एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स’ची नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंत दुरुस्त्या मिळतात. नोंदणीचा पर्याय विंडोज अपडेटच्याच पानावर असतो. त्यापुढे यंत्र विंडोज ११ पेलत नसेल तर लिनक्स मिंटसारखा पर्याय आहे. त्यावर मराठी इनस्क्रिप्ट कळफलकही चालतो.

‘अपडेटनेच मशीन बिघडतं’ असं म्हणणारे १९ जुलै २०२४ चा दाखला देतात. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष फाइलमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. ती फाइल कंपन्यांच्या संगणकांवरच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची होती, घरच्या विंडोजची मासिक दुरुस्ती नव्हती. शंका अगदीच गैर नाही, पण तिची जागा वेगळी. सुरक्षा दुरुस्ती लगेच घ्या. आख्खी नवी आवृत्ती आली तर दोन आठवडे थांबून इतरांचं काय होतं ते बघितलं तरी चालतं.

पासवर्ड फुटल्याच्या बातम्या

जून २०२५ मध्ये ‘१,६०० कोटी पासवर्ड फुटले’ अशी बातमी जगभर झळकली. तो एखाद्या कंपनीवरचा नवा दरोडा नव्हता. पासवर्ड चोरणाऱ्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) संगणकांमधून गोळा केलेला आणि जुन्या गळत्यांतला माल एकत्र मोजलेला होता, पुनरावृत्तीसकट. अशा बातमीनंतर सगळे पासवर्ड बदलत बसू नका. ‘हॅव आय बीन पोन्ड’ हे ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेलं संकेतस्थळ उघडून आपला ईमेल तपासा. नाव आलं तर ज्या सेवेची गळती आहे तिचा पासवर्ड बदला आणि तोच पासवर्ड जिथे जिथे वापरला असेल तिथेही बदला. खरा धोका हा पुनर्वापराचा आहे. एका खरेदीच्या साइटवरून फुटलेली ईमेल-पासवर्डची जोडी चोर यंत्राच्या मदतीने ईमेल, फेसबुक सगळीकडे लावून बघतात.

पासवर्ड मॅनेजर वापरा: बिटवॉर्डन, कीपासएक्ससी किंवा फोनमध्ये असलेला गुगलचा. प्रत्येक ठिकाणी यंत्राने बनवलेला १६ किंवा अधिक अक्षरांचा पासवर्ड ठेवा. लक्षात ठेवायचे दोनच, मॅनेजरचा आणि मुख्य ईमेलचा. त्यासाठी एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द जोडा. गाण्याची ओळ किंवा श्लोकाचा चरण नको. ईमेलला दुहेरी पडताळणी लावा, शक्यतो एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड बनवणारं) किंवा पासकीने (पासवर्डऐवजी फोनच्या बोटाच्या ठशाने किंवा पिनने लॉगिन). बॅकअप कोड मिळतात ते कागदावर उतरवून कपाटात ठेवा. ते फोनच्या गॅलरीत ठेवले आणि फोनच हरवला, तर दोन्ही एकदम जातात.

मालवेअर संगणकातच बसलेलं असेल तर पासवर्ड बदलून उपयोग नाही, कारण नवाही तिकडे पोचतो. शिवाय ते लॉगिन झालेल्या कुकीज (तुम्ही आधीच आत आहात हे साइटला सांगणाऱ्या ब्राउझरमधल्या नोंदी) उचलतं, त्यामुळे ओटीपीही वाटेत येत नाही. आधी दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून पासवर्ड बदला, ‘लॉग आउट ऑफ ऑल डिव्हायसेस’ करा, मग तो संगणक फॉरमॅट करा. हा पाहुणा येतो क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून आणि विंडोज फुकटात चालू करून देणाऱ्या ‘ॲक्टिव्हेटर’मधून. अलीकडची युक्ती म्हणजे खोटी कॅप्चा: ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा, विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर.’ हे केलंत की पानाने गुपचूप कॉपी करून ठेवलेली आज्ञा तुमच्याच हातून चालते. खरी कॅप्चा ब्राउझरच्या बाहेर कधीच जात नाही.

ज्याची बातमी छोटी, नुकसान मोठं

वरच्या साऱ्या छिद्रांपेक्षा आपल्या घरांतले पैसे जातात ते व्हॉट्सॲपवर आलेल्या एपीके फाइलने (प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल). ‘आरटीओ चलन’, ‘लग्नपत्रिका’, ‘पीएम किसान यादी’, ‘गॅस बिल’ अशी नावं असतात आणि फाइल ओळखीच्याच नंबरवरून येते, कारण त्या माणसाचा फोन आधीच चोरांच्या हाती गेलेला असतो. ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि ती मिळाली की बँकेचे ओटीपी परस्पर पुढे पाठवतं. काही वेळा त्याचं चिन्हही पडद्यावरून गायब होतं.

घरातल्या प्रत्येक अँड्रॉइड फोनवर आजच हे करा. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘ॲप्स’, मग ‘स्पेशल ॲप ॲक्सेस’, मग ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’. तिथे व्हॉट्सॲप, टेलिग्राम, क्रोम आणि फाइल्स, सगळ्यांसमोर ‘नॉट अलाउड’ हवं. प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या फोटोवर टॅप करून ‘प्ले प्रोटेक्ट’ (ॲप्स तपासणारी गुगलची सोय) चालू आहे का ते पाहा. ते बंद करायला फोनवर सांगणारा माणूस चोरच. व्हॉट्सॲपमध्ये ‘अकाउंट’, ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ला सहा आकडी पिन लावा आणि ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये अनोळखी यंत्र दिसलं तर काढून टाका. कोणी पाठवलेला आठ अक्षरी कोड तिथे टाकू नका, त्याने तुमचं खातं त्याच्या संगणकाला जोडलं जातं.

लिंक तपासण्याच्या दोन सोयी आता आहेत. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांना आपले पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यावे लागले आहेत, नेटबँकिंगचं पान दुसऱ्याच कशावर संपत असेल तर थांबा. आणि व्यावसायिक एसएमएसच्या नावाच्या शेवटी आता रोमन अक्षर असतं: पी म्हणजे जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकारी. ‘तुमचं वीजबिल थकलंय’ हा संदेश दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला असेल तर तो पुसून टाका. वाहनाचं चलन बघायचं तर सरकारी संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा.

एपीके टाकली गेलीच, तर क्रम असा ठेवा:

१. लगेच फ्लाइट मोड लावा आणि वायफाय बंद आहे ना ते बघा. सिम काढून साध्या फोनमध्ये घाला, म्हणजे बँकेचे संदेश आणि फोन तुमच्याकडेच येतील.

२. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून यूपीआय, नेटबँकिंग आणि कार्ड थांबवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम, वेळ, खाते आणि यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा. चोर रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवत राहतात, म्हणून ती मध्येच गोठवायला पहिला तासच उपयोगी पडतो. फोन लागत नसेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि पोचक्रमांक लिहून ठेवा.

३. बाधित फोनवरच्या पुराव्यांचे स्क्रीनशॉट घ्या. मग पॉवर मेनूतलं ‘पॉवर ऑफ’ दाबून धरा (बऱ्याच फोनवर असंच असतं) आणि ‘सेफ मोड’मध्ये (बाहेरून टाकलेली ॲप्स बंद ठेवून) फोन सुरू करा. ‘डिव्हाइस ॲडमिन ॲप्स’ आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’मधून त्या ॲपचे अधिकार काढा, नंतर ते अनइन्स्टॉल करा. काढता येत नसेल किंवा मनात शंका उरली असेल, तर फोटो उतरवून घेऊन फॅक्टरी रीसेट करा.

४. फोनच्या कॉल सेटिंग्जमध्ये ‘कॉल फॉरवर्डिंग’ उघडा. ‘ऑलवेज फॉरवर्ड’समोर कुठलाही नंबर असेल तर बंद करा, ओटीपीचे फोन तिकडे वळवलेले असू शकतात.

५. सगळ्या गटांवर आणि ओळखीच्यांना कळवा, कारण तुमच्या नावाने तीच फाइल त्यांच्याकडे गेली असण्याची शक्यता मोठी आहे.

तक्रारीनंतर काही दिवसांनी ‘तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा’ असे फोन येऊ शकतात, कधी पोलीस असल्याचं भासवून, कधी वकील. १९३० च्या तक्रारीला कोणतीही फी नसते. फी मागणाऱ्याचा नंबर त्याच तक्रारीत जोडून द्या.