बुडखा हलत नाही, वरून धुमारे फुटतात: वाफसा आल्यावरच निघाला

लक्षण: खोड कापून झालं, पण बुडखा घट्ट आणि कडेने पुन्हा धुमारे.

कडक उन्हाळ्यात कुदळ टणकन उडत होती. भर पावसात खड्डा पाण्याने भरायचा आणि पहारीला टेकू मिळत नव्हता. वैताग आला.

निघाला तो पावसाळा सरल्यावर, वाफशात, म्हणजे माती ओलसर असते पण चिखल नसतो तेव्हा. ओळखायचं असं: वीतभर खालची माती मुठीत दाबा, गोळा कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर खणा, चपटा झाला तर थांबा.

आधी जमिनीखालची पाइप, केबल कुठून जाते ते बघा. बुडख्यापासून दीड-दोन फुटांवर गोल चर खणा, दीड फूट खोल. मुळं पाण्याने धुवा. मातीतली वाळू करवतीचे दात घालवते, हे फार जण विसरतात. प्रत्येक आडवं मूळ दोन ठिकाणी कापून मधला तुकडा काढा, नाहीतर पहारीला जागाच राहत नाही. मग एका बाजूने पहार घालून तिरपा करा आणि खालचं सोटमूळ शेवटी तोडा.

खोड अजून कापलं नसेल तर तीन-चार फूट ठेवा, तरफेसारखं वापरता येतं.

खड्डा मातीनेच भरा, चार बोटं वर. ती खाली बसते. लाकडाचा भुसा नको, तो कुजताना मातीतलं नत्र ओढतो.