पहिल्या वसंतात वॉलायच्या मागे लागू नका

मिनेसोटात नवीन आलेला मराठी माणूस पहिला हिवाळा कसाबसा काढतो. गुढीपाडव्याला बाल्कनीत गुढी बांधताना बोटं बधिर होतात. मग एप्रिलात एक दिवस ऑफिसातले सगळे अचानक एकाच विषयावर बोलायला लागतात, की अमक्या तळ्यावरचा बर्फ गेला का. मे उजाडला की पुढचा प्रश्न येतो, "ओपनरला कुठे?" मला वाटलं होतं, कुठल्या तरी दुकानाचं उद्घाटन असेल.

ओपनर म्हणजे वॉलाय धरायचा हंगाम ज्या शनिवारी उघडतो तो दिवस. मेअखेरच्या मेमोरियल डेच्या वीकेंडच्या बरोबर दोन आठवडे आधी, शुक्रवारची मध्यरात्र उलटली की सुरू. वॉलाय १९६५ पासून राज्याचा अधिकृत मासा आहे आणि १९४८ पासून गव्हर्नरच्या नावाने ओपनरचा सोहळा होतो. एवढं वातावरण तापलेलं बघून आपला नवखा माणूसही तापतो. तीनशे डॉलरचं सामान घेतो, कुणाच्या तरी बोटीत पहाटे कुडकुडत बसतो, हात हलवत परत येतो, आणि ते सामान पुढे गॅरेजमध्ये धूळ खातं. अशी चार-पाच गॅरेजं मी स्वतः पाहिली आहेत.

म्हणून सांगतो, पहिल्या वर्षी वॉलाय सोडा. क्रॉपी नावाचा मासा धरा.

उच्चार क्रॉपीच करा. स्पेलिंग बघून मी बेट शॉपमध्ये, म्हणजे आमिषाच्या दुकानात जाऊन "क्रॅपीसाठी काय आहे?" असं विचारलं होतं. काउंटरमागचा म्हातारा म्हणाला, "तसलं तर आमच्याकडे पुष्कळ आहे." क्रॅपी म्हणजे इंग्रजीत भिकार, हे समजायला मला पार्किंगपर्यंत यावं लागलं.

मी मूळचा भंडाऱ्याचा. तलावांचा जिल्हा म्हणतात आमच्याकडे. मालगुजारी तलावांवर ढीवर लोक जाळी टाकायचे, ते बघतच मोठा झालो. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर दहा हजार तळी लिहिलेली असतात, प्रत्यक्षात दहा एकरांवरची तळी ११,८४२ आहेत. मनात म्हटलं, तळं मला कोण शिकवणार? पण आमच्या तलावावर बर्फ कुठे धरतो? इथलं सगळं गणित त्या बर्फावर चालतं.

बर्फ गेला की मोठ्या तळ्याचं पाणी कितीतरी दिवस गारच राहतं. मात्र तळ्याच्या उत्तरेकडच्या उथळ खाड्यांवर दक्षिणेचं ऊन दिवसभर पडतं आणि उत्तरेचा वारा तिथे लागत नाही. त्यात तळाला काळा चिखल असेल तर ते पाणी आणखी लवकर तापतं. चिखलातले किडे जागे होतात, त्यांच्यामागे बारीक मासे येतात आणि बारीक माशांमागे क्रॉपी. म्हणजे जो मासा एरवी खोल पाण्यात असतो, तो या तीन-चार आठवड्यांत काठापासून हातभर अंतरावर आलेला असतो. बोट लागत नाही. पहाटे उठायचीही गरज नाही, उलट दुपारी तीननंतर जा, दिवसभराच्या उन्हाने पाणी दोन-चार अंश चढलेलं असतं. पाणी साठ अंश फॅरनहाइट ओलांडून गेलं की अंडी घालायची वेळ येते आणि नर घरट्यावर राखण करत बसतो. तेव्हा तो जवळ येणाऱ्या कशावरही तुटून पडतो, म्हणून मी त्या दिवसांत मोठे नर सोडून देतो. कायदा तसं सांगत नाही, माझं मन सांगतं.

मिनेआपोलिसमध्ये राहत असाल तर लेक ऑफ द आयल्सला शेजारच्या तळ्यांशी जोडणारे कालवे बघा. पश्चिमेला असाल तर मिनेटोन्का तळ्याच्या चिंचोळ्या खाड्या. पाण्यात पडलेलं झाड, मागच्या वर्षीची वाळलेली लव्हाळी, लाकडी धक्क्याचे खांब, असा आडोसा शोधायचा. मोकळ्या पाण्यात गळ टाकून नुसतं बसू नका.

सामान थोडं पुरतं. हलका रॉड आणि रील, चार पौंडांची दोरी, एक छोटा बॉबर म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, एक-बत्तीसांश औंसाचा जिग म्हणजे वजन लावलेला गळ, आणि क्रॉपी मिनो म्हणून मिळणारे बारके जिवंत मासे. जिग शिशाचा घेऊ नका. शिशाचे तुकडे पोटात जाऊन लून पक्षी मरतात, आणि मेच्या संध्याकाळी त्याची हाक एकदा ऐकलीत की बिनशिशाच्या जिगचे चार पैसे जास्त वाटणार नाहीत.

आता खरी गंमत. क्रॉपीचे डोळे वरच्या बाजूला रोखलेले असतात, तो खालून वर येऊन खातो. पाणी चार फूट असेल तर आमिष अडीच-तीन फुटांवर ठेवा, त्याच्या खाली गेलं तर त्याला दिसतच नाही. बॉबर बुडेल म्हणून तुम्ही डोळे लावून बसता, आणि बॉबर बुडतच नाही. तो आडवा पडतो. कारण माशाने जिग तोंडात घेऊन वर उचललेला असतो, बॉबरवरचं वजन गेलेलं असतं. पहिल्या दिवशी तासभर मी त्या आडव्या बॉबरकडे बघून वाऱ्याला शिव्या देत होतो. आडवा पडला की मनगट हलकेच उचलायचं, हिसका द्यायचा नाही. याच्या ओठांची कातडी कागदासारखी असते, फाटते आणि मासा जातो.

परवान्याशिवाय गळ टाकू नका, धरून सोडणार असलात तरीही. सोळा वर्षांपासून पुढे तो लागतोच, आणि परवान्याचं वर्ष १ मार्चला सुरू होतं. राज्यात सलग साठ दिवस राहिल्यावर रहिवाशाचा स्वस्त परवाना मिळतो, तोवर बाहेरच्यांचा. भारतातून आई-बाबा आले असतील तर त्यांच्यासाठी चोवीस किंवा बहात्तर तासांचा घ्या. माझ्या वडिलांना सगळं पटलं, पण धरलेला मासा माणसं परत पाण्यात सोडतात हे काही शेवटपर्यंत पटलं नाही.

उघड्या पाण्यात एका माणसाला एकच दोरी. हिवाळ्यात बर्फावर दोन चालतात, म्हणून एप्रिलात मी धक्क्यावर ऐटीत दोन रॉड मांडून बसलो. शेजारच्या आजोबांनी माझ्याकडे न बघताच म्हटलं, "एक आत घे, वॉर्डन याच वेळेला फेरी मारतो." वॉर्डन म्हणजे मासेमारीचे नियम पाळले जातात का ते बघणारा अधिकारी. त्या आजोबांचा मी अजून ऋणी आहे.

क्रॉपी दिवसाला दहा, वॉलाय सहा आणि त्यात वीस इंचांवरचा एकच, हा मी शिकलो तो सर्वसाधारण नियम. पण आकडे बदलतात आणि कित्येक तळ्यांचे नियम वेगळे असतात, मिल लॅक्स तळ्याचे तर हमखास. डीएनआरची, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याची नियमावली दरवर्षी नवीन वाचा. या नियमांवर नाकं मुरडणाऱ्यांना मी अपर रेड लेकची गोष्ट सांगतो. बेसुमार उपशाने १९९०च्या दशकात तिथला वॉलाय संपत आला. १९९९ला तो धरणं पूर्ण बंद केलं, पिल्लं सोडली, आणि २००६ला पुन्हा उघडलं. मधल्या काळात वॉलाय नाही म्हटल्यावर त्याच तळ्यात क्रॉपी मातले आणि लोक लांबलांबून क्रॉपीसाठी तिथे जायला लागले.

ओपनरच्या आधी चुकून वॉलाय लागला तर लगेच सोडायचा. शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला की समजा तोच. निघताना मिनोच्या डब्यातलं तळ्याचं पाणी तिथेच ओता आणि घरून आणलेलं भरा, एका तळ्याचं पाणी दुसरीकडे न्यायला मनाई आहे. उरलेले मिनो कचऱ्यात जातात, तळ्यात नाही. जीव वाचतोय ना, म्हणून आपल्याकडची माणसं ते हटकून तळ्यात सोडतात.

एप्रिलचं पाणी फसवं असतं. वर ऊन सत्तर अंशांचं आणि पाणी पंचेचाळीस. पडलात तर पोहता येऊनही हातपाय चालत नाहीत, तेव्हा बोटीत बसलात तर लाइफ जॅकेट अंगावर हवं, सीटखाली नाही. मेमध्ये गवतातून परत आल्यावर पोरांच्या कानामागे, काखेत गोचीड बघा.

वॉलाय दुसऱ्या वर्षी. त्याच्या डोळ्यात मांजरासारखा चमकणारा पडदा असतो, अंधुक उजेडात त्याला आपल्यापेक्षा बरं दिसतं. म्हणून तो मिळतो तिन्हीसांजेला, पहाटे, किंवा वारा सुटून पाणी गढूळ झालेलं असताना. खडकाळ काठ, नदी तळ्याला मिळते ती जागा. तोवर तुम्हाला पाणी वाचता यायला लागलेलं असेल, आणि बोटीवाला मित्रही झालेला असेल.

राहिलं खाणं. दहा इंची क्रॉपीच्या दोन बाजूंचे दोन तुकडे निघतात, तळहाताएवढे. हळद, तिखट, मीठ, आगळ लावून रव्यात घोळवा आणि तव्यावर परता. कालवणात टाकू नका, विरघळतो. माझी बायको मालवणची. पहिला घास घेऊन म्हणाली, "मासा बरा आहे, पण समुद्र विसरलास." गोड्या पाण्याचा मासा असाच, भंडाऱ्याच्या माणसाला त्यात काही कमी वाटत नाही. तळ्यांतल्या माशांत पारा असतो, त्यामुळे गरोदर बायका आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना क्रॉपी आठवड्यातून एकदाच, वॉलाय महिन्यातून एकदा, आणि वीस इंचांवरचा वॉलाय अजिबात नाही. शहरातल्या काही तळ्यांना याहून कडक सूचना आहेत. आरोग्य खात्याच्या यादीत आपल्या तळ्याचं नाव बघा, मग तवा तापवा.