विंडोज ११ काढून परत १० टाकताना डेटा आणि लायसन्स कसं सांभाळायचं

विंडोज ११ नको, परत १० वर यायचंय असं विचारणारे अजूनही बरेच आहेत आणि कारणं पण ठरलेली, जुना स्कॅनर चालत नाही, अकाउंटचं सॉफ्टवेअर एरर देतं, चार जीबी रॅमचा लॅपटॉप रांगतो, नाहीतर राइट क्लिकचा तो नवा मेनूच डोक्यात जातो (याला मी कारण धरत नाही, पण असो). परत येता येतं, अवघड नाही. इन्स्टॉलेशन फार मोठं काम नसतं, नुकसान होतं ते त्याच्या आधी काय केलं नाही त्यामुळे, म्हणून इथे तयारीवरच जास्त लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतर सिक्युरिटी अपडेट हवे असतील तर ईएसयू नावाच्या स्कीममध्ये नाव घालावं लागतं, घरगुती कॉम्प्युटरसाठी तिची जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६ होती. म्हणजे १० वर जाणं ही थोड्या काळाची सोय आहे, पुढच्या पाच वर्षांचा प्लॅन नाही. अडचण फक्त एका प्रिंटरची असेल तर आधी कंपनीच्या साइटवर नवा ड्रायव्हर (विंडोजला ते यंत्र चालवता यावं म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर) बघा, बऱ्याचदा तिथेच काम होतं. आणि १० पण नको, ७ च टाकतो म्हणणाऱ्यांनी कृपया नाद सोडा, त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच गेला, क्रोम १०९ व्या व्हर्जनवर थांबलं, आणि नव्या लॅपटॉपवर ७ च्या सेटअपला यूएसबी ३ चे पोर्ट आणि एनव्हीएमई एसएसडी धड ओळखता येत नाहीत.

जुन्या डॉसमधलं फॉक्सप्रोचं बिलिंग चालवायला १० हवंय असंही कुणी कुणी म्हणतं. त्यात गंमत अशी की १६ बिटचे प्रोग्रॅम फक्त ३२ बिट विंडोजवर चालतात, ६४ बिटच्या १० वर पण ते चालणार नाहीतच, त्यामुळे अशांनी ११ राहू द्यावं आणि डॉसबॉक्स (डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) वापरून बघावं.

आता सगळ्यात सोपा रस्ता. १० वरून ११ वर अपग्रेड करून दहा दिवस झाले नसतील तर काहीच फॉरमॅट करायची गरज नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, तिथे गो बॅक बटण असतं, ते दाबलं की जुनं विंडोज परत येतं आणि तुमच्या फाइल्स जागेवर राहतात, अपग्रेडनंतर टाकलेली सॉफ्टवेअर मात्र जातात. हे जमतं कारण जुनं विंडोज सी ड्राइव्हवर विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेलं असतं, म्हणून जागा कमी पडते म्हणून डिस्क क्लीनअपने तो फोल्डर उडवला असेल तर दहा दिवसांच्या आत सुद्धा बटण चालणार नाही. अजून दोन गोष्टी बघा. ११ आल्यावर पासवर्ड बदलला असेल तर परत गेल्यावर जुना पासवर्ड लागतो, तो आठवतोय ना? आणि गो बॅक हे "मागच्या व्हर्जन"वर नेतं, ते मागचं व्हर्जन ११ चंच जुनं असेल तर तिथेच जाल, १० वर नाही. (ही दहा दिवसांची मुदत कमांड देऊन ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ते दहा दिवसांच्या आतच करावं लागतं.)

दहा दिवस उलटले किंवा लॅपटॉप मुळातच ११ घेऊन आला असेल तर मग क्लीन इन्स्टॉल, म्हणजे सी ड्राइव्ह साफ. इथून पुढे घाई नको.

पहिलं काम ड्रायव्हर. लॅपटॉपच्या मागचा मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या सपोर्ट पेजवर जा आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या यादीत विंडोज १० आहे का ते बघा. नसेल तर माझं मत स्पष्ट आहे, करू नका, टचपॅड नाहीतर साउंड नाहीतर काहीतरी अडकणारच. नव्या स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरवाल्या लॅपटॉपचा तर विषयच नाही, त्यांना १० मिळतच नाही. यादीत असेल तर वायफाय, चिपसेट आणि स्टोरेजचे ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. वायफायचा आधी, कारण तो नसेल तर बाकीचे उतरवायला नेटच नाही. तरी अडलंच तर फोन केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा, ॲन्ड्रॉइड फोन असेल तर बहुतेक वेळा विंडोज लगेच ओळखतं.

दुसरं एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला लागलेलं कुलूप, आणि याच्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. ११ वर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलेलं असेल तर डिव्हाइस एन्क्रिप्शन गुपचूप चालू झालेलं असायची दाट शक्यता असते, आणि ते फक्त सी ला नाही, डी ड्राइव्हला पण लागतं. आपल्याकडे सगळे फोटो आणि कागदपत्रं डी मध्ये, मग "सी फॉरमॅट करतोय, डी ला कुठे हात लावतोय" म्हणून निर्धास्त राहायचं, आणि नवं विंडोज आल्यावर डी वर कुलूप आणि समोर ४८ आकडी रिकव्हरी की मागणारा बॉक्स. त्यामुळे आधी सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमधून डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा, विंडोजची प्रो एडिशन असेल तर कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर (प्रो मधलं तेच कुलूप) बंद करा, आणि डिक्रिप्शन पूर्ण होईपर्यंत थांबा, मोठ्या हार्ड डिस्कला काही तास लागू शकतात. शिवाय ती की मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या साइटवर डिव्हाइसेसमध्ये दिसते, तिचा फोटो नको, कागदावर लिहून ठेवा किंवा प्रिंट काढा.

मग बॅकअप. डी वरची कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे, डिस्क तीच आहे, बाहेरची हार्ड डिस्क हवी. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हमध्ये गेलेले असतील तर ज्या फाइलवर ढगाचं चिन्ह आहे ती तुमच्या मशीनवर नाहीच, ती आधी डाउनलोड करा. आउटलुकची पीएसटी फाइल (यात मेल साठवलेले असतात), क्रोमचे बुकमार्क आणि पासवर्ड, आणि मराठी टायपिंग करणाऱ्यांनी फॉन्टचं फोल्डर, हे पण कॉपी करा, कारण जुन्या श्रीलिपी किंवा डीव्हीबीच्या फाइल त्या फॉन्टशिवाय उघडल्या तर नुसती जंतरमंतर दिसतात. टॅली असेल तर कंपनीचा डेटा फोल्डर कॉपी करा आणि लायसन्स सरेंडर करून ठेवा, म्हणजे नंतर परत ॲक्टिव्हेट करताना कटकट नाही. जीएसटीच्या डिजिटल सिग्नेचरचं टेन्शन नको, सर्टिफिकेट त्या यूएसबी टोकनमध्येच असतं, फक्त त्याचा ड्रायव्हर परत टाकावा लागतो, पण टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये इनिशिअलाइझ नावाचं बटण दिसलं तर त्याला हात लावायचा नाही. जमलं तर कंट्रोल पॅनेलमधल्या बॅकअप अँड रिस्टोअरमधून पूर्ण सिस्टिम इमेज पण काढा. ११ वर परत यायची वेळ आली तर तीच कामाला येते.

लायसन्ससाठी सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन उघडून एडिशन होम आहे की प्रो ते बघा, १० पण त्याच एडिशनचं टाकायचं. डिजिटल लायसन्स अकाउंटला जोडलेलं असेल तर सेटअप की मागेल तेव्हा "आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की" करा, नेटला लागलं की बहुतेक वेळा आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

पेनड्राइव्ह किमान आठ जीबीचा, रिकामा, कारण त्यातलं सगळं पुसलं जातं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज १० चं मीडिया क्रिएशन टूल घ्या आणि त्यानेच बनवा. मार्केटमध्ये मिळणारं "ॲक्टिव्हेटेड, लाइट, गेमिंग एडिशन" वगैरे फुकट दिलं तरी घेऊ नका, त्यात कोणी काय घुसवलंय देव जाणे, आणि त्याच मशीनवर तुम्ही बँकेचं लॉगिन करणार आहात.

आता प्रत्यक्ष काम. चार्जर लावा, डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर घ्या, लाइट जायच्या वेळेला सुरू करू नका. बॅकअपवाली हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवा, हे महत्त्वाचं. पेनड्राइव्ह लावून बूट मेनू (मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडायची यादी) उघडा, एचपीला एफ९, डेल आणि लेनोवोला साधारण एफ१२, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप. यादीत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्यापुढे यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) लिहिलंय तोच निवडा. चुकून दुसरा निवडला तर पुढे "जीपीटी पार्टिशन स्टाइल" अशी एरर येते, लोक घाबरून अख्खी डिस्क कन्व्हर्ट करतात आणि डी पण जातो, काही करायचं नसतं, फक्त रीस्टार्ट करून बरोबर एंट्री निवडायची.

सेटअपमध्ये अपग्रेड नको, कस्टम. मग पार्टिशनची यादी येते आणि सगळा खेळ इथेच आहे. इथे सी, डी अशी अक्षरं दिसत नाहीत, फक्त ड्राइव्ह शून्य, पार्टिशन एक, दोन, तीन असं आणि पुढे साइज. म्हणून आधीच डिस्क मॅनेजमेंटचा फोनवर फोटो काढून ठेवा, कुठलं किती जीबीचं ते कळतं. साधारण शंभर एमबीचं सिस्टिम, १६ एमबीचं एमएसआर (विंडोजसाठी राखीव जागा), मग मोठं ते सी, शेवटी छोटं रिकव्हरी. आधीचं विंडोज ज्या पार्टिशनवर होतं तेच निवडून फॉरमॅट करा आणि नेक्स्ट, बाकीच्यांना हात लावू नका. साइज बघून शंका आली तर तिथेच कॅन्सल करा, फॉरमॅट दाबेपर्यंत काहीही गेलेलं नसतं.

यादी पूर्ण रिकामीच दिसली तर एसएसडी मेलेली नाही. इंटेल अकराव्या जनरेशनपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची स्टोरेजची सेटिंग चालू असते आणि १० च्या सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. मघाशी स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा म्हटलं ते याच्यासाठी, झिप सोडवून ठेवलेलं फोल्डर लोड ड्रायव्हरमधून दाखवा, डिस्क लगेच दिसते. बायोसमधून (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची सेटिंग) व्हीएमडी बंद करूनही होतं, पण मग जुनं ११ बूट होणार नाही, म्हणून निर्णय पक्का असेल तरच.

इन्स्टॉल झाल्यावर आधी वायफायचा ड्रायव्हर, मग विंडोज अपडेट, २२एच२ (१० चं शेवटचं) व्हर्जन आलंय ना बघा, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह कुठे राहिलंय का. ॲक्टिव्हेशन तपासा. मराठीसाठी लँग्वेजमध्ये मराठी ॲड करून फोनेटिक कीबोर्ड घ्या, १० मध्ये २०१९ पासून तो आतच येतो. अपडेटच्या पानावर ईएसयूची एन्रोल लिंक दिसत असेल तर लगेच करून टाका, सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडला तर पैसे लागत नाहीत, नाहीतर ३० डॉलर किंवा हजार मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड पॉइंट. त्याच पानावर काही दिवसांनी ११ ची जाहिरात परत येईल, तिथे "सध्या १० वरच राहतो" अशा अर्थाचा पर्याय असतो तो निवडा. प्रोवाल्यांनी ग्रुप पॉलिसीमध्ये टार्गेट फीचर अपडेट व्हर्जनला विंडोज १० आणि २२एच२ भरलं की रात्रीत अपग्रेड होण्याची भीती नाही. बॅकअपची हार्ड डिस्क मात्र महिनाभर तशीच ठेवा, एखादी फाइल राहिली हे लगेच कळत नाही, जीएसटी रिटर्नच्या दिवशीच कळतं.