राणी छाप रुपया घासलेला आहे का, कसं ओळखाल?

बेळगावच्या शहापुरात सराफाकडे जुना रुपया बघायला मागितला की तो आधी फडक्यानं पुसून चकचकीत करून देतो. म्हणून मी आत शिरतानाच सांगतो, "काका, पुसू नका, आहे तसाच दाखवा." बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे राणी छाप नि राजा छाप रुपये (व्हिक्टोरिया राणीचा किंवा तिच्यानंतरच्या राजांचा मुखवटा असलेले, इंग्रजांच्या काळातले चांदीचे) बरेचदा देव्हाऱ्यातून आलेले असतात, दर लक्ष्मीपूजनाला चिंच-रांगोळीनं घासलेले. त्यामुळे न घासलेला रुपया दिसला, की दोन पैसे जास्त गेले तरी घ्यावा.

न घासलेल्या रुपयावरचा काळेपणा म्हणजे मळ नव्हे. हवेतल्या गंधकानं चांदीवर सल्फाइडचा पातळ थर चढतो. थर जाड होईल तसा रंग पिवळसर, मग तांबूस-जांभळा, निळा आणि शेवटी काळा.

खोलीत एकच दिवा ठेवा. रुपया कडेनं धरून हळूहळू कलता करा. टांकसाळीची मूळ झळाळी शाबूत असेल तर उजेडाचा पट्टा रंगाखालूनही गोल फिरतो. रगडलेल्या नाण्यावर तो फिरत नाही, सगळं सरसकट पांढरं दिसतं. मग दहापट भिंगातून राणीचा गाल आणि चेहऱ्यासमोरची मोकळी जागा बघा. वापरातले ओरखडे वेडेवाकडे, कमीजास्त खोल असतात. घासल्याचे केसासारखे बारीक, एका दिशेनं किंवा गोल गोल गेलेले. मागच्या बाजूला 'वन रुपी इंडिया'च्या अक्षरांभोवती काळं आणि लगेच शेजारी पांढरंफटक असेल, तर संशय घ्या. झिजलेल्या नाण्याच्या खाचाही काळ्या असतात, पण तिथला काळा हळूहळू करड्यात विरतो. खाचेत कुंकवाचा कण सापडला तर घर कळलंच!

घासलेला रुपया वर्षांनी पुन्हा काळवंडतो, तेव्हा बारीक रेघा त्या रंगाखाली दिसतात. भडक निळा-जांभळा रंग नव्या ओरखड्याच्या आतही उतरला असेल, तर तो मुद्दाम चढवलेला समजा. असला रुपया मी घेत नाही. कडेला डाख (धातू जोडल्याची खूण) दिसला तर तो रुपया गळ्यातल्या माळेतला. वजनही करा: 1862 ते 1939 चा रुपया 11.66 ग्रॅम, म्हणजे एक तोळा. झिजेनं थोडं कमी भरेल, जास्त भरता कामा नये.

घरी आणल्यावर मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, हिरवट चिकट थर धरतो. आपल्याकडच्या पावसात डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच. चिकटपणा आलाच तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून काढा आणि न पुसता वाळू द्या.